परड्यातल्या मिश्र कोंबड्यांची जात तिसऱ्या पिढीत घसरते: काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

आधी लक्षणं. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया किंवा कावेरी या संकरित कोंबड्यांची पिल्ली आणून परड्यातल्या गावठी कोंबड्यांत सोडली, की पहिलं वर्ष छान जातं. अंडी भरपूर, कोंबडे वजनदार. त्यांचीच अंडी बसवून काढलेली पुढची पिल्लीही बरी निघतात. तिसऱ्या पिढीपासून मात्र यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसू लागतात:

- रवणाला (कोंबडीखाली एका वेळी उबवायला) १२ अंडी बसवली तर पिल्ली पाच-सहाच. उरलेली अंडी पाणी झालेली, नाहीतर आत पिल्लू मेलेलं.
- एकाच रवणातली पिल्ली महिन्याभरात लहान-मोठी दिसतात, काहींना पिसं फार उशिरा येतात.
- तलंगा (तरुण कोंबड्या) सात महिन्यांच्या झाल्या तरी अंड्यावर येत नाहीत, आणि आल्या तर दहा-बारा अंडी घालून खुडूक होतात, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसतात.
- वाकडी चोच, वाकडी बोटं असलेलं एखादं पिल्लू दर रवणात निघतं.
- कोंबडे पाच महिन्यांचे झाले तरी अंग धरत नाहीत.

अशा वेळी बहुतेक घरांत सगळा कळप विकून नवी पिल्ली आणतात, आणि तीन वर्षांनी पुन्हा तिथंच येतात. दोष अंड्यांच्या साठवणीत आहे, खाद्यात आहे, कोंबड्यात आहे की नात्यात, हे ओळखल्याशिवाय पिल्लं बदलून उपयोग नाही. साठवण आणि खाद्य तपासायला जवळजवळ काहीच लागत नाही. नातं निस्तरायला मात्र वर्ष जातं. म्हणून खालचा क्रम सोडू नका.

१. खायची अंडी ताटलीत फोडून बघा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. घरात खायला वापरणार तीच ८-१० अंडी एकेक करून पसरट ताटलीत फोडा. शक्यतो वेगवेगळ्या कोंबड्यांची घ्या, कारण एखादी कोंबडी कोंबड्याला जवळच येऊ देत नाही आणि तिच्या एकटीच्या अंड्यांवरून सगळ्या कळपाचा अंदाज चुकतो.

बलकावर एक पांढरा ठिपका असतो. तो प्रत्येक अंड्यात असतो, अंडं फळलेलं (कोंबड्याचं बीज लागलेलं) असो वा नसो. फरक त्याच्या आकारात आहे. फळलेल्या अंड्यात ठिपका गोल, साधारण ४ मिलिमीटरचा, कडेनं स्पष्ट पांढरं कडं आणि मध्ये फिकट. न फळलेल्या अंड्यात तो लहान, भरीव पांढरा आणि कडा ओबडधोबड. ठिपका खाली गेला असेल तर चमच्याच्या पाठीनं बलक हलकेच फिरवा. दोन-तीन अंडी बघितली की नजर बसते.

१० पैकी ८-९ फळलेली निघाली तर कोंबडा आपलं काम करतोय, त्याला दोष देऊ नका, पुढच्या तपासणीला लागा. निम्मी किंवा त्याहून कमी फळलेली असतील तर पाचव्या क्रमांकावर जा आणि मग परत या.

२. बसवायची अंडी कुठं आणि किती दिवस ठेवता?

अंडं कोंबडीच्या पोटात असतानाच आतला जीव वाढायला लागलेला असतो. बाहेर पडून थंड झालं की तो थांबतो. पण साधारण २१ ते २४ अंशांच्या वर तो पुरता थांबत नाही, हळूहळू वाढत राहतो आणि अशक्त होऊन मरतो. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३७-३८ पर्यंत जातो. पत्र्याखालच्या फडताळात आठवडाभर ठेवलेलं अंडं बाहेरून ताजं दिसतं, खायलाही चालतं, पण रवणासाठी संपलेलं असतं. शिरोळ-हातकणंगल्याकडं उन्हाळ्यातल्या रवणातून पिल्ली कमी निघण्याचं हे पहिलं कारण, आणि दोष मात्र कोंबड्याला लागतो.

उपाय साधा. रुंद तोंडाचा जुना माठ ओल्या वाळूत बसवा, आत तळाला भाताचा कोरडा तूस घाला आणि त्यात अंडी ठेवा. माठ घराच्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीवर. वाळू ओली ठेवायची, माठाच्या आत पाणी झिरपता कामा नये. अंड्याचं निमुळतं टोक खाली, रुंद बाजू वर. हिवाळ्यात सात दिवसांपर्यंतची अंडी बसवावीत, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचीच. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख लिहा. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथली थंडी आतल्या जिवाला सोसत नाही.

अंडी धुऊ नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की जंतू छिद्रांतून आत जातात. वाळलेली घाण नखानं किंवा कोरड्या फडक्यानं काढा, फार माखलेलं अंडं खायला घ्या. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पावसाच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हाच मोठा त्रास असतो: पाय चिखलाचे, घरट्यातलं पिंजर ओलं, अंडी माखलेली. पावसाळ्यात पिंजर दर तीन-चार दिवसांनी बदलावं आणि खुराड्याच्या दारात वाळू किंवा राख टाकावी.

दुसऱ्या गावाहून गाडीवरून अंडी आणली असतील तर रुंद बाजू वर करून एक रात्र स्थिर ठेवा, मगच बसवा. आणि सगळी अंडी एकाच रात्री बसवा. आज चार, उद्या तीन असं केलं की पहिली पिल्ली निघाल्यावर कोंबडी उठते आणि मागची अंड्यातच मरतात.

३. सातव्या आणि अठराव्या रात्री उजेडात बघा

जाड पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडा, मागून मोबाईलची बॅटरी लावा, अंधाऱ्या खोलीत अंडं भोकावर धरा. सातव्या रात्री चांगल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मध्ये गडद ठिपका दिसतो. अठराव्या रात्री रुंद टोकाकडची हवेची पोकळी सोडून सगळं काळं दिसायला हवं. तेविसाव्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी खुराड्यापासून लांब, बादलीत फोडून बघा. वास येतो, पण अचूक निदान इथंच होतं.

- सातव्या रात्री अंडं स्वच्छ, काहीच नाही: फळलेलं नाही, किंवा पहिल्या दोन दिवसांतच जीव गेला.
- आत लाल कडं: पहिल्या आठवड्यात मेलं. साठवण, हेलकावे, नाहीतर जवळचं नातं.
- मधल्या दिवसांत, म्हणजे आठ ते सतराच्या दरम्यान मेलं, पिसं गाठी झाल्यासारखी, बोटं आत वळलेली: कोंबडीच्या खाद्यात जीवनसत्त्वं कमी, विशेषतः रायबोफ्लेविन.
- पूर्ण वाढून कवचातच मेलं: कोंबडी शेवटच्या दिवसांत अंड्यांवरून उठली, हवा फार कोरडी होती, किंवा पुन्हा नातं.

मशीन वापरत असाल तर पंख्याच्या मशीनमध्ये तापमान ३७.५ ते ३७.८ अंश, आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. मशीनसोबत आलेल्या थर्मामीटरवर विसंबू नका, मेडिकलमधल्या ताप बघायच्या थर्मामीटरशी एकदा ताडून घ्या.

दोन रवणांची नोंद वहीत झाल्याशिवाय पुढचा खर्च करू नका. एका रवणाला वीज कडाडली, मांजर आलं, कोंबडी बिथरली, असं काहीही झालेलं असू शकतं. दोन्ही रवणांत अंडी एकाच टप्प्यावर मरत असतील तर कारण पक्कं आहे.

काही जोड्या मुळातच जुळत नाहीत, हे इथंच सांगितलेलं बरं. आखूड पायाची, जमिनीलगत चालणारी कोंबडी आणि तसाच कोंबडा एकत्र आले तर सरासरी चौथाई पिल्ली अंड्यातच मरतात. ती बहुतेक पहिल्या आठवड्यातच जातात आणि उजेडात लाल कडं दिसतं. उलट्या पिसांचे दोन्ही एकत्र आले तर चौथाई पिल्लांची पिसं ठिसूळ होऊन झडतात. अशा गुणाच्या पक्ष्याला नेहमी साध्या जोडीदाराशी लावा. गळ्यावर पिसं नसलेली कोंबडी मात्र आपला उन्हाळा उत्तम सोसते, तिला बाजूला काढू नका.

४. खाद्य, उजेड आणि ऊ

मोकळ्यावर फिरणारी कोंबडी पोट भरते, पण मिश्र जातीच्या कोंबडीची अंड्यांची भूक गावठीपेक्षा मोठी असते. तिला रोज ५० ते ६० ग्रॅम वरखाद्य लागतंच. मका किंवा ज्वारीचा भरडा, तांदळाची कणी, त्यात सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकट. नुसता मका घातला तर अंगावर चरबी चढते आणि अंडी थांबतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, कोंबडी लागेल तेवढा घेते. रायबोफ्लेविनसाठी हिरवा पाला: लसूणघास, मेथीचे दांडे, अझोला (पाण्यावर वाढणारं नेचं).

शेंगपेंड आणि मका नाकाला लावून बघा. कुबट वास किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर ते टाकून द्या, धुऊन वाळवून घालू नका. बुरशीचं विष त्यानं जात नाही. या विषानं अंडी घटतात, पिल्ली निघायचं प्रमाण पडतं आणि पिल्ली रोगाला लवकर बळी पडतात. पावसाळ्यात पेंड पंधरा दिवसांपुरतीच आणा.

अंड्यांसाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, म्हणून त्या दिवसांत अंडी कमी होणं हा जातीचा दोष नाही. वाढवायचीच असतील तर पहाटे एक लहान एलईडी दिवा लावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात दांड्यावर चढू शकत नाहीत. वर्षभर अंडी घातलेली कोंबडी पिसं झाडते आणि दीड-दोन महिने थांबते, तेही धरून चाला.

रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन खुराड्यात जा. दांड्याच्या खालच्या बाजूला, फटींत, आणि कोंबडीच्या गुदाभोवतीच्या पिसांच्या मुळाशी बघा. लालसर किडे, गोचीड किंवा पिसांवर चिकटलेल्या लिखा दिसल्या तर खुराडं रिकामं करून फटी चुन्यानं भरा, पिंजर जाळा, आणि राख-मातीचा खड्डा कोंबड्यांना लोळायला द्या. रवणाला बसलेल्या कोंबडीला ऊ झाली की ती अंडी सोडून उठते, आणि "हिला बसायची अक्कल नाही" म्हणून चांगली कोंबडी विकली जाते.

५. कोंबडा

गिरिराजचा कोंबडा तीन-साडेतीन किलोचा, गावठी कोंबडी सव्वा किलोची. जोडी जुळत नाही. कोंबडी दबते, पाठीची पिसं जातात, पाठीवर काट्यानं जखमा होतात, आणि ती कोंबडा दिसला की पळते. कोंबडा कोंबडीच्या दीडपट वजनापर्यंत चालतो, दुपटीपुढं नको. मोठी मिश्र कोंबडी आणि तिच्याहून थोडाच जड, चपळ कोंबडा ही जोडी जास्त फळते.

एका कोंबड्यामागं ८ ते १० कोंबड्या, हलक्या जातीचा असेल तर १२ पर्यंत. दोन कोंबडे एकत्र असतील तर वरचढ कोंबडा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. तोच निकामी असेल तर कळपात दोन कोंबडे असूनही अंडी पाणी होतात. अशा वेळी एकाला डालग्याखाली किंवा वेगळ्या खोपीत तीन आठवडे ठेवा, मग पहिली तपासणी पुन्हा करा.

कोंबडा हातात धरून बघायचं ते असं: तुरा लाल आणि कोमट, डोळे स्वच्छ, छातीचं हाड सरळ, बोटं सरळ, तळव्यावर गाठ नाही. पायाचा काटा फार वाढला असेल तर टोक कानशीनं बोथट करा. बुडाशी दाट पिसं असतील तर गुदाभोवतीची कात्रीनं कमी करा. वय नऊ महिने ते दोन वर्षं. गुलाबाच्या फुलासारखा चपटा तुरा असलेला कोंबडा दिसायला रुबाबदार असतो, पण दोन्ही आई-बापांकडून हा तुरा घेतलेल्या कोंबड्याची फळण्याची ताकद कमी असते. बेण्याला (पैदाशीला) एकेरी, सरळ तुऱ्याचा धरलेला बरा.

कडक उन्हाळ्यात चांगला कोंबडाही काही आठवडे ढिला पडतो. मे महिन्यातल्या अंड्यांवरून त्याचा निकाल लावू नका.

६. नेमकी कुणाची अंडी बसतात?

इथं जरा थांबून विचार करा, कारण बहुतेक कळप इथंच घसरतात.

रवणाला अंडी कुणाची जातात? जी कोंबडी खुडूक झाली तिच्याखाली तिचीच, कारण ती घरट्यात साठलेली असतात. म्हणजे दहा-बारा अंड्यांवर थांबणारी कोंबडी पुढची पिढी देते. जी न थांबता घालत राहते तिची अंडी रोज पोळीबरोबर संपतात. कोंबड्यांचंही तेच. सगळ्यात आधी अंग धरलेला कोंबडा म्हाईला नाहीतर आषाढातल्या जत्रेला जातो, आणि मागं राहिलेला, उशिरा वाढलेला, कुणाच्या नजरेत न भरलेला कोंबडा कळपाचा बाप होतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण दर वर्षी निवड उलटीच होते. चार वर्षांत त्याचं फळ दिसतं.

दुरुस्तीसाठी आधी ओळख हवी. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाची प्लास्टिकची कडी घाला. तलंगांना घातलेली कडी पाय वाढला की सैल करा, नाहीतर मांसात रुतते. मग तीन आठवडे रोज सकाळी खुराडं उघडण्याआधी एकेकीला बोट लावून बघा, आपल्याकडच्या बायका बघतात तसंच. कडक अंडं हाताला लागलं की वहीत त्या रंगापुढं एक खूण करा. २१ दिवसांत १२ च्या पुढं खुणा असलेली कोंबडी बेण्याची. ७-८ च्या आत असलेली अंड्यांसाठी नाही. तिला पिल्ली काढायला वापरा, पण तिच्याखाली दुसरीची अंडी घाला.

एवढा वेळ नसेल तर हातानं अंदाज घ्या. कोंबडी काखेत धरा, तोंड मागं, शेपूट पुढं. गुदाच्या दोन्ही बाजूंना टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं बसली आणि हाडं पातळ, लवचिक असली तर ती घालतेय. जेमतेम एक बोट बसलं आणि हाडं जाड लागली तर नाही. घालणाऱ्या कोंबडीचं गुद मोठं, ओलसर, फिकट असतं. न घालणारीचं लहान, कोरडं, सुरकुतलेलं. पिवळ्या पायाच्या कोंबडीत आणखी एक खूण मिळते. ती जसजशी अंडी घालते तसा पिवळेपणा उतरत जातो: आधी गुद, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग चोच, शेवटी पाय. पाय पांढुरके झाले म्हणजे ती बरेच महिने घालतेय. काळ्या पायाच्या गावठीत किंवा कडकनाथाच्या वाणात ही खूण चालत नाही.

कोंबडा निवडताना त्याच्या रंगाआधी त्याची आई बघा. सगळ्यात जास्त खुणा असलेल्या कोंबडीचे जे नर, त्यांतले १६ आठवड्यांना सगळ्यात वजनदार दोन राखा. एक कामाला, एक राखीव; पण कामाला लावायचा तो दुसऱ्याच्या परड्यात, का ते सातव्या क्रमांकात बघा. राखलेला कोंबडा जत्रेआधीच घरात सगळ्यांना दाखवून ठेवा आणि त्याच्या पायात लाल कडी घाला.

७. नातं

घरच्या कळपात घरचाच कोंबडा ठेवला की पहिल्याच वर्षी बाप-लेक किंवा भाऊ-बहीण एकत्र येतात. अशा एका जोडीतून पिल्लात २५ टक्के जनुकजोड्या दोन्ही बाजूंनी एकच होतात, सावत्र भावंडांत १२.५ टक्के. लपलेले दोष अशाच जोड्यांतून वर येतात: वाकडी चोच, उशिरा पिसं, अंड्यात मरणं, रोगाला लगेच बळी. रंगरूपात काही दिसत नाही, पण रवणातली पिल्ली कमी होत जातात.

कळपाची दोन पिढ्यांची वंशावळ वहीत काढा. ज्या कोंबड्याचा बाप किंवा आई याच परड्यातली आहे, तो या परड्यात बेण्याला चालणार नाही. तो चांगला असला तरी दुसऱ्याला द्या.

शेजाऱ्याचा कोंबडा आणून प्रश्न सुटतोच असं नाही. गावात अंड्यांची देवाणघेवाण चालते, कोंबडी अर्धेलीनं (निम्म्या वाट्यावर) दिली जाते, एका घरची पिल्ली चार घरांत गेलेली असतात. त्याचा कोंबडा तुमच्याच कोंबडीचा नातू निघू शकतो. म्हणून किमान दोन गावं सोडून, वेगळ्या मुळाचा कोंबडा घ्या.

कायमची सोय करायची असेल तर तीन-चार घरांनी मिळून कोंबडे फिरवावेत. कोंबड्या आपापल्या घरीच राहतात, फक्त नर पुढं सरकतो: पहिल्याचा दुसऱ्याकडं, दुसऱ्याचा तिसऱ्याकडं, तिसऱ्याचा पहिल्याकडं, दर वर्षी त्याच दिशेनं. दिशा कधीच उलटायची नाही. सुरुवातीला घरांच्या कळपांची मुळं वेगळी असतील तर जवळचं नातं बरीच वर्षं टाळता येतं. पाडव्याला किंवा दिवाळीला एकच दिवस ठरवा म्हणजे कुणी विसरत नाही.

८. संकरच चुकीचा धरलाय का?

वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केल्या, गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं. मोकळ्यावर ग्रामप्रिया वर्षाला १६० ते १८० अंडी देते असं धरतात, वनराज १०० ते ११०, आपली गावठी ५० ते ८०. पण हे पक्षी वेगवेगळ्या घराण्यांच्या संकरातून आलेले असतात. संकराचा जोम पहिल्या पिढीत पूर्ण असतो. त्यांचीच आपापसात पिल्ली काढली की तो साधारण निम्मा होतो आणि गुण विस्कटतात: एक पिल्लू आज्यावर, एक आजीवर, एक कुणावरच नाही. त्यावर घरातलं नातं बसलं की तिसऱ्या पिढीची घसरण होते. विकणाऱ्यानं फसवलं असं त्यात काही नसतं.

म्हणून मिश्र पक्षी अंड्यांना आणि मांसाला ठेवा, बेणं मात्र वेगळं राखा. सगळ्यात टिकाऊ मांडणी ही: सात-आठ निवडक गावठी कोंबड्या कायमच्या बेण्याच्या. त्यांच्यावर बाहेरचा, शुद्ध जातीचा कोंबडा. ऱ्होड आयलंड रेड यासाठी चांगली, कारण ती संकर नसून जात आहे आणि गुण बऱ्यापैकी सारखे उतरतात. कोल्हापुरातल्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात सध्या कोणत्या जातीची पिल्ली मिळतात ते आधी विचारून घ्या. या जोडीच्या तलंगा दोन वर्षं अंड्यांना ठेवा, नर विका. गावठी बेणं टिकवण्यासाठी वर्षातून एक रवण गावठी कोंबडी आणि अनोळखी गावठी कोंबडा यांचं काढा. हे एक रवण चुकलं की दोन वर्षांनी पुन्हा पिल्ली विकत आणायची वेळ येते.

असीलचं रक्त घातलं की अंग आणि काटकपणा येतो, पण अंडी घटतात आणि नर भांडतात. चौथाईपेक्षा जास्त नको. कडकनाथाच्या संकरात काळेपणा सगळ्या पिल्लांत सारखा उतरत नाही. काळ्या पिसांची मिश्र कोंबडी कडकनाथ म्हणून विकत घेऊ नका आणि विकूही नका.

कोंबडा बदलताना

जुना कोंबडा काढल्यावर लगेच अंडी साठवली तर पिल्ली त्याचीच निघतात. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन, कधी तीन आठवडेही जिवंत राहतं. जुना काढा, नवा सोडा, आणि तीन आठवड्यांतली अंडी खाऊन टाका. बाविसाव्या दिवसापासून बेण्यासाठी साठवा.

नवा कोंबडा, विशेषतः आठवडी बाजारातून आणलेला, थेट कळपात सोडू नका. ३० दिवस लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. त्याचं खाणं-पाणी घरच्या कोंबड्यांनंतर करा आणि मग हातपाय धुवा. या काळात जंताचं औषध आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं. घरच्या पिल्लांनाही पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीचीच थेंबांची लस), साधारण आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचायची लस आणि देवीची लस लागते. लस न दिलेल्या कळपात कितीही चांगली निवड केली तरी एका साथीत सगळं संपतं.

इथं थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

- पिल्ली पहिल्या दहा दिवसांत पंख पाडून मरतात आणि बुडाला पांढरी हगवण चिकटलेली असते. हा रोग आईकडून अंड्यातून येतो. अंडी बसवणं त्याच दिवशी बंद करा. कोणत्या कोंबड्या रोगवाहक आहेत हे रक्ताच्या तपासणीशिवाय कळत नाही, आणि औषधानं बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्या पुढंही रोग देत राहतात.
- दोन ते पाच महिन्यांची तलंग एक पाय पुढं, एक मागं टाकून पडते. हा बहुधा मरेक्स. त्याची लस पहिल्या दिवशीच द्यावी लागते, नंतर इलाज नाही.
- सगळ्या कळपाची अंडी चार दिवसांत घटतात, कवच मऊ किंवा वेडंवाकडं, सोबत खुरखुर किंवा मान वळणं.
- एक-दोन दिवसांत बरेच पक्षी मरतात, तुरा निळा-काळा, डोकं सुजलेलं. मेलेला पक्षी कापू नका, फेकू नका, उरलेले बाजारात नेऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. बर्ड फ्लूचा संशय असेल तर तुमच्यासकट घरातल्यांनाही धोका असतो.
- साठवण, खाद्य आणि कोंबडा सगळं दुरुस्त करून, नात्याबाहेरचा कोंबडा लावूनही लागोपाठ दोन रवणांत निम्म्याहून कमी पिल्ली निघतात.

दुकानातून आणलेलं अँटिबायोटिक अंदाजानं पाण्यात घालू नका. रोग दबतो, तपासणीत सापडत नाही, आणि औषध अंड्यात उतरतं.

तपासणीसाठी न फुटलेली पाच-सहा अंडी आणि नुकतीच मेलेली दोन-तीन पिल्ली लागतात. बर्ड फ्लूचा संशय असेल तर मात्र काहीही हलवू नका, डॉक्टर येईपर्यंत थांबा. एरवी पिल्ली दोन पिशव्यांत घट्ट बांधा, बर्फ भरलेल्या डब्यात ठेवा, पण फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठलेल्या पिल्लाच्या पेशी फुटतात आणि काही नीट दिसत नाही. सोबत वहीतली पानं न्या: कोणत्या तारखेला किती अंडी बसवली, सातव्या रात्री किती स्वच्छ होती, किती कधी मेली, कोंबडा कुठून आणला, कोणती लस कधी दिली. गरज पडली तर दवाखान्यातून नमुना पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवता येतो. निकाल येईपर्यंत अंडी, पिल्ली किंवा कोंबडे कुणालाही बेण्याला देऊ नका.